दुसरा आखाडा : टीएनएची वाटचाल

सुरतमधल्या उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या पट्ट्यातल्या खानदेशी माणसाला कुस्ती नवी नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या गावांत यात्रा म्हटली की कुस्त्या आल्याच. लूमवर बारा-बारा तास उभी राहणारी पोरं सुट्टी काढून तापी लाइनच्या गाडीने गावी जातात, ती देवदर्शनाइतकीच फडासाठीही. पण याच घरांत आणखी एक कुस्ती कित्येक वर्षांपासून मुक्कामाला आहे. ती केबलवरची. अंडरटेकर, रॉक, जॉन सीना ही नावं तिथल्या मुलांना पाढ्यांच्या आधी पाठ होत, ट्रम्प कार्डांवरची उंची-वजनं तर तोंडावरच असत. या सगळ्याची मालक एकच कंपनी, डब्ल्यूडब्ल्यूई. या धंद्यात तिच्याशिवाय आणखी कुणी असेल, असं आपल्याकडे फारसं कुणाच्या मनातही येत नाही.

पण आणखी एक कंपनी आहे. 2002पासून ती या अवाढव्य कंपनीसमोर उभी आहे. कधी ताठ, कधी वाकून, कधी जेमतेम श्वास चालू ठेवून. टोटल नॉनस्टॉप ॲक्शन, म्हणजे टीएनए. आणि 2011च्या अखेरीस पुण्यात बालेवाडीला रिंग लावून, आपल्या मातीतली पोरं घेऊन, हिंदीत अख्खी मालिका उभी करणारी कंपनीही हीच. तिची वाटचाल मराठीत लिहिली जावी असं मला फार दिवस वाटत होतं, त्याचं मोठं कारण बालेवाडी.

या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ठरलेला असतो तो निकाल. रिंगखाली पोलादी सांगाडा असतो, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडण्याचा धक्का कुणी ठरवून कमी करू शकत नाही. दोन मल्लांनी एकमेकांचा जीव सांभाळत हजारो लोकांना श्वास रोखायला लावायचा, ही या धंद्याची विद्या आहे. आपल्या आधीच्या पिढीला ती माहीत होती. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारा सिंग आणि किंग काँग यांच्या फ्री स्टाइल कुस्त्यांना मुंबई लोटायची. 1968मध्ये अमेरिकेच्या लू थेझला दारा सिंग यांनी हरवलं तेही मुंबईतच. तेव्हा बालेवाडीला जे आलं ते अगदी परकं नव्हतं.

आता मूळ गोष्ट. नव्वदच्या दशकात अमेरिकेत या धंद्यात दोन तुल्यबळ कंपन्या होत्या, व्हिन्स मॅकमहन यांची डब्ल्यूडब्ल्यूएफ, म्हणजे आजची डब्ल्यूडब्ल्यूई, आणि टेड टर्नर यांच्या पैशावर उभी असलेली डब्ल्यूसीडब्ल्यू. तिसरी ईसीडब्ल्यू, आकाराने लहान पण अंगात रग असलेली. सोमवारी रात्री पहिल्या दोघींचे कार्यक्रम एकाच वेळी लागत आणि प्रेक्षक रिमोट हातात घेऊन इकडून तिकडे उड्या मारत. 2001च्या मार्चमध्ये मॅकमहन यांनी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, एप्रिलमध्ये ईसीडब्ल्यूने दिवाळखोरी जाहीर केली. महिना-दीड महिन्यात मैदान मोकळं झालं. ज्या रात्री डब्ल्यूसीडब्ल्यूचा शेवटचा कार्यक्रम झाला, त्या रात्री मॅकमहन यांनी थेट प्रक्षेपणात एका मल्लाचं नाव घेऊन त्याला आपल्याकडे थारा नाही असं सांगून टाकलं. तो मल्ल जेफ जॅरेट.

जॅरेट घराण्यातच हा धंदा होता. आजी क्रिस्टीन कुस्त्या भरवायची, वडील जेरी जॅरेट मेम्फिस भागातले नामांकित प्रमोटर. जेफ कुस्ती बघत आणि कुस्ती विकली जाताना बघत मोठा झालेला. दारं बंद झाली तेव्हा बाप-लेकाने स्वतःचं दार उघडायचं ठरवलं. अडचण अशी होती की टीव्हीवाले कुस्तीला उभं करायला तयार नव्हते. टीव्ही नाही म्हणजे जाहिराती नाहीत, आणि जाहिराती नाहीत म्हणजे पगार नाहीत. मग त्यांनी वेगळाच मार्ग काढला. दर बुधवारी दोन तासांचा कार्यक्रम, आणि तो बघायचा तर प्रेक्षकाने केबलवाल्याला 9.95 डॉलर मोजायचे. महिन्यातून एकदा मोठा खेळ पैसे भरून बघायची सवय तिथल्या लोकांना होती. दर आठवड्याला पाकिटात हात घालायला लावणं हे धाडसच होतं. 19 जून 2002 रोजी अलाबामातल्या हंट्सव्हिल शहरात पहिला कार्यक्रम झाला, आणि त्यानंतर लवकरच कंपनी टेनेसीतल्या नॅशव्हिलच्या जत्रेच्या मैदानावरच्या एका जुन्या हॉलमध्ये स्थिरावली. प्रेक्षकांनी त्या हॉलला 'असायलम' म्हणायला सुरुवात केली.

त्या पहिल्या वर्षातल्या मल्लांत एक चेहरा असा होता, जो भारतीय प्रेक्षकाने नक्की पाहिलेला आहे. 1996च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमारशी भिडलेला अंडरटेकर आठवतो ना? तो अंडरटेकर नव्हता, ब्रायन ली होता. 1994मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफनेही त्याला नकली अंडरटेकर म्हणून उतरवलं होतं. टीएनएत मात्र तो स्वतःच्या नावाने आला आणि टॅग टीमचा, म्हणजे जोडीचा, विजेतेपदाचा पट्टा जिंकला. या कंपनीत अशी माणसं बरीच आली. मोठ्या कंपनीने ज्यांना एका साच्यात बसवलं, किंवा बसवलंच नाही, त्यांना इथे स्वतःचं नाव मिळालं.

पैसे मात्र भराभर संपत होते. 2002 संपण्याआधीच कंपनी बुडायच्या बेतात आली, तेव्हा डॅलसच्या पांडा एनर्जी या वीजनिर्मितीतल्या कंपनीने तिचा मोठा हिस्सा घेतला. मालक बॉब कार्टर यांची मुलगी डिक्सी कार्टर 2003मध्ये अध्यक्ष झाली. कुस्तीशी नातं नसलेल्या घराने ही कंपनी पुढची चौदा वर्षं पोसली. डिक्सी कार्टरवर चाहत्यांनी पुढे खूप टीका केली आणि तिच्या चुकाही होत्या. तरी त्या घराने तेव्हा हात दिला नसता, तर ही कहाणी असायलममध्येच संपली असती.

टीएनएचं खरं भांडवल दुसरंच होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी एक्स डिव्हिजन नावाचा विभाग काढला. मोठ्या कंपनीत सव्वासहा फुटांचे, सव्वाशे-दीडशे किलोंचे देह हिरो असत. आकाराने लहान, चपळ मल्लांना दुय्यम जोड्यांत टाकलं जाई. टीएनएने याच चपळ पोरांना मधोमध आणून उभं केलं. वजनाची अट नाही, जो झेप घेईल तो आपला. पहिला एक्स डिव्हिजन विजेता एजे स्टाइल्स हा जॉर्जिया राज्यातला, तेव्हा पंचविशीचा तरुण. 2004मध्ये कंपनी फ्लोरिडातल्या ओरलँडोला युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात गेली, फॉक्स स्पोर्ट्स नेटवर 'इम्पॅक्ट' हा कार्यक्रम सुरू झाला, आणि चौकोनी रिंगच्या जागी षट्कोनी रिंग आली. टीव्ही लावल्या लावल्या डोळ्यांना कळायचं की हे दुसरं काहीतरी आहे. कोपरे सहा झाल्यामुळे दोर आखूड आणि ताठ झाले होते, मल्लांना जास्त लागायचं. उडी मारायला मात्र जागा जास्त, कोन वेगळे. पोरांनी त्या सहा कोनांवरून काय काय करून दाखवलं ते बघण्यासारखं होतं.

सुरतमध्ये राहणाऱ्या माणसाला हे चटकन उमजतं. वीस-पंचवीस लूमचा मालक मोठ्या मिलसारखीच साडी काढून तिच्याच भावात विकायला गेला तर महिन्याभरात कुलूप लागतं. तो टिकतो तो वेगळी वीण, वेगळी डिझाइन काढून. टीएनएची षट्कोनी रिंग आणि तिच्यातली चपळ पोरं ही तिची वेगळी वीण होती.

ती वीण सर्वांत सुंदर दिसली ती 11 सप्टेंबर 2005 रोजी. कार्यक्रमाचं नाव 'अनब्रेकेबल'. मोठ्या रात्रीची शेवटची लढत नेहमी मुख्य पट्ट्याची असते. त्या रात्री शेवटची लढत एक्स डिव्हिजनची ठेवली आणि तीन मल्ल एकाच वेळी रिंगमध्ये उतरवले. विजेता क्रिस्टोफर डॅनियल्स, समोआ जो आणि एजे स्टाइल्स. समोआ जो अंगाने दांडगा, पण पायांत चपळाई अशी की विश्वास बसू नये. डॅनियल्स थंड डोक्याचा, अनुभवी. स्टाइल्स हवेतला. तिघांच्या लढतीत एक अवघड प्रश्न कायम असतो : दोघे भिडले की तिसऱ्याने काय करायचं? साधारणपणे तो बाहेर जाऊन पडून राहतो. या तिघांनी त्या प्रश्नालाच खेळवलं. एकाने दुसऱ्याला उचलावं आणि तिसऱ्याने त्याच क्षणी हवेतून येऊन डाव मोडावा. त्या मोडलेल्या डावातूनच पुढचा डाव सुरू व्हावा. कुणी श्वास घ्यायला थांबला असं वाटलंच नाही. शेवटी डॅनियल्सने स्टाइल्सला आपल्या ठरलेल्या डावासाठी कवेत घेतलं, आणि स्टाइल्सने त्याच पकडीतून त्याला खाली घेऊन, स्वतःच्या पाठीची कमान करत, तीन मोजेपर्यंत खांदे टेकवून ठेवले. आपल्याकडच्या वस्तादांनी ज्याला दाद द्यावी असा तो उलट डाव होता. कुस्तीवर लिहिणारे ज्येष्ठ पत्रकार डेव्ह मेल्टझर यांनी या लढतीला पाचपैकी पाच तारे दिले. मोठ्या कंपनीत त्या काळात असं काही बघायला मिळत नव्हतं, हे माझं ठाम मत आहे.

विशेष म्हणजे त्या रात्री कंपनीकडे टीव्हीच नव्हता. फॉक्सचा करार मे महिन्यात संपला होता आणि 'इम्पॅक्ट' काही महिने इंटरनेटवर दाखवून दिवस काढले जात होते. पुढच्या महिन्यात, 1 ऑक्टोबर 2005 रोजी, स्पाइक टीव्हीने शनिवारी रात्री अकराची वेळ दिली. डब्ल्यूडब्ल्यूईचा सोमवारचा कार्यक्रम 'रॉ' नुकताच स्पाइक सोडून गेला होता, त्या रिकाम्या जागेत हे पाऊल पडलं.

पुढची तीन-चार वर्षं बहराची. स्टिंग हा गाजलेला मल्ल आला, आणि 2006मध्ये कर्ट अँगल आला. अँगलने 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीचं सुवर्ण जिंकलेलं, तेही मानेला जबर दुखापत असताना. 1952च्या हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी आणलेलं कांस्य ज्यांनी जपलं आहे, त्या महाराष्ट्राला ऑलिंपिकमधलं कुस्तीचं पदक म्हणजे काय हे सांगायला नको. असा माणूस डब्ल्यूडब्ल्यूईचं मोठं घर सोडून लहान घरी आला, आणि समोआ जोसमोर उभा राहिला.

2007मध्ये बायकांसाठी स्वतंत्र पट्टा आला. पहिली विजेती गेल किम. तिच्यासमोर ऑसम काँग, आकाराने गेलच्या दुप्पट भासणारी. तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूईत बायकांच्या लढती दोन-चार मिनिटांत आटोपत आणि त्यांना कुस्तीगीर म्हणण्याऐवजी 'डिव्हा' म्हटलं जाई, ते नाव तिथे 2016पर्यंत टिकलं. टीएनएने गेल आणि काँग यांना वेळ दिला, त्यांच्या लढतीला गोष्ट दिली, आणि लोक ती बघायला टीव्हीसमोर थांबू लागले. आज सगळीकडे बायका मुख्य लढती लढतात, त्याच्या मुळाशी या दोघींचं काम आहे.

आणि मग मोठी चूक झाली. 2009च्या ऑक्टोबरमध्ये हल्क होगन आणि एरिक बिशॉफ कंपनीत आल्याची घोषणा झाली. होगन म्हणजे या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव, बिशॉफ म्हणजे डब्ल्यूसीडब्ल्यूच्या सुवर्णकाळाचा सूत्रधार. दोघांनाही एकच लढाई माहीत होती, सोमवारची. 4 जानेवारी 2010 रोजी, सोमवारी, 'इम्पॅक्ट' थेट 'रॉ'च्या समोर लागलं. त्याच रात्री डब्ल्यूडब्ल्यूईने आपल्या जुन्या गाजलेल्या मल्लाला, ब्रेट हार्टला, बारा वर्षांनी परत आणलं. टीएनएला त्या रात्री तोवरचे सर्वाधिक प्रेक्षक मिळाले, सुमारे 22 लाख. ते बघून मार्चपासून कायमचा सोमवार घेतला, आकडे कोसळले, आणि मे महिन्यात कंपनी मुकाट गुरुवारी परतली.

पण त्याहून मोठं नुकसान आकड्यांत दिसत नाही. होगन आल्यावर षट्कोनी रिंग काढून चौकोनी लावली गेली. समोरचे प्रेक्षक सहा कोन परत आणा म्हणून ओरडत होते आणि त्यांचं कुणी ऐकलं नाही. जुन्या बड्या नावांना पडद्यावर जागा मिळत गेली, तेवढी स्टाइल्स, डॅनियल्स, जो यांची जागा आकसत गेली. जी कंपनी वेगळी होती ती मोठ्या कंपनीची नक्कल वाटू लागली, आणि नक्कल बघायची तर अस्सल काय वाईट, असा हिशेब प्रेक्षक करतोच. या कंपनीची प्रत्येक चांगली गोष्ट तिने स्वतःच्या मनाने काढलेली आहे आणि प्रत्येक मोठी पडझड दुसऱ्याच्या अंगणात जाऊन झाली आहे, असं मला तिचा सगळा इतिहास बघून वाटतं.

बालेवाडी ही अशीच स्वतःच्या मनाने काढलेली गोष्ट. म्हणूनच ती मला इतकी जवळची.

भारतातला प्रेक्षक डब्ल्यूडब्ल्यूईलाही हवाच होता, तसा तो तिच्याकडे होताही. हिमाचलचा दलीप सिंग राणा, म्हणजे द ग्रेट खली, 2006मध्ये तिथे अंडरटेकरसमोर उतरला आणि 2007च्या जुलैमध्ये वर्ल्ड हेवीवेट विजेता झाला. पण खलीला त्यांनी अमेरिकेतूनच दाखवलं. भारत त्यांच्यासाठी बघणारा देश होता. जेफ जॅरेटने उलट विचार केला. एंडेमॉल इंडिया ही निर्मिती कंपनी सोबत घेतली, कलर्ससारखी कुटुंबं बघतात ती वाहिनी घेतली, आणि 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात रिंग लावली. नाव 'रिंग का किंग'. हरभजन सिंग ब्रँड ॲम्बॅसडर.

पहिला भाग 28 जानेवारी 2012 रोजी लागला. शनिवार-रविवार असे एकूण 26 भाग, शेवट 22 एप्रिलला. परदेशी मल्लांत स्कॉट स्टायनर, ॲबिस, मॅट मॉर्गन, चावो गरेरो, ब्रिटनचा मॅग्नस, आणि स्वतः जॅरेट. त्यांच्या बरोबरीने भारतीय पोरं : महाबली वीरा, पठानी पठ्ठा, डेडली डंडा, रोमिओ राप्टा. आणि दोन्हींच्या मधे पूल म्हणून संजय दत्त. हा नट नव्हे. वॉशिंग्टनजवळ वाढलेला, भारतीय वंशाचा, 2003पासून टीएनएच्या एक्स डिव्हिजनमध्ये उड्या मारणारा मल्ल.

लिंबायतच्या एका खोलीत हा कार्यक्रम बघितल्याचं मला आठवतं. मिलमधून सुटलेली पोरं, जेवणाची ताटं मांडीवर, आणि नेहमीप्रमाणे इंग्रजी समालोचनाचा अंदाज बांधत बसण्याऐवजी या वेळी हिंदीतून सगळं कळत होतं. पडद्यावर रिंगमागे बसलेले प्रेक्षक पुण्याचे होते. एकाने अहिराणीत म्हटलं की हे लोक तर आपल्यासारखेच दिसतात. मग वीरा रिंगमध्ये आला आणि खोलीतला आवाज वाढला. ही पोरं परदेशी मल्लांना वर्षानुवर्षं बघत आली होती. आज त्याच मल्लांसमोर एक आपल्यातला उभा होता आणि तो मार खाऊन उठत होता.

मालिकेची गोष्ट अगदी आपल्या नाटक-सिनेमाच्या प्रेक्षकाला पटेल अशी रचली होती. पहिला विजेता सात फुटांच्या घरातला मॅट मॉर्गन. जॅरेटने स्वतःकडे खलनायकाची भूमिका घेतली आणि आरडीएक्स नावाची टोळी बांधली. स्टायनर, ॲबिस त्यात. म्हणजे कंपनीच्या संस्थापकानेच पुण्यात येऊन शिव्या खाल्ल्या, जेणेकरून आपली पोरं मोठी दिसावीत. या धंद्यातलं हे मोठेपण बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही. खलनायक जितका चांगला, तितका नायक वर जातो, आणि जॅरेटला ते घराण्यातूनच मिळालं होतं. शेवटी पट्टा महाबली वीराच्या कमरेला आला.

वीरा म्हणजे पंजाबचा अमनप्रीत सिंग, तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेला. त्याच्या कामात कच्चेपणा होता, तो दिसायचाही. पाठीवर पडताना शरीर आखडायचं, डाव आणि डाव यांच्या मधल्या जागा रिकाम्या राहायच्या. मातीतल्या किंवा गादीवरच्या कुस्तीत पाठ टेकली की संपलं. इथे आधी पाठीवर पडायलाच शिकावं लागतं. ही सवय अंगात मुरायला वर्षं जातात आणि या पोरांना फार थोडा वेळ मिळाला होता. तरीही सव्वीस भागांत त्यांच्यात पडलेला फरक डोळ्यांना दिसत होता.

दुसरा हंगाम झालाच नाही. मला वाटतं, टीएनएच्या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत दुःखाची गोष्ट आहे. परदेशी मल्लांना इतक्या लांब आणून, राहायची सोय करून, रिंग आणि दिवे लावून कार्यक्रम करायचा तर खर्च प्रचंड, आणि मागे उभी असलेली मूळ कंपनी स्वतःच धडपडत होती. पण पुण्यात एखादी कायमची तालीम राहिली असती, दोन-चार प्रशिक्षक थांबले असते, तर आज महाराष्ट्रातली किती पोरं या खेळात असती! आपल्याकडे अंगापिंडाने तयार, लंगोट कसलेली, मॅटवर वर्षानुवर्षं घाम गाळलेली मुलं गावोगावी आहेत. हिंदकेसरी, महाराष्ट्र केसरीच्या वाटेवर एखादं-दुसरं पुढे जातं, बाकीची विशी-पंचविशीत पोलीस भरतीकडे वळतात. त्यांच्यासाठी आणखी एक दार उघडलं असतं. पुढे 2015मध्ये खलीने जालंधरला सीडब्ल्यूई नावाची स्वतःची शाळा आणि कंपनी काढली, आणि तिथूनच कविता देवी डब्ल्यूडब्ल्यूईपर्यंत पोचली. जे काम जालंधरला झालं त्याची सुरुवात बालेवाडीला झाली होती.

पुढची पाच वर्षं भराभर सांगतो, कारण ती उतरणीची आहेत. 2013मध्ये ओरलँडो सोडून गावोगाव फिरायचा खर्चिक निर्णय झाला आणि वर्षभरात पैसा आटला. होगन गेला, डिसेंबरमध्ये जेफ जॅरेट स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडला, पाठोपाठ एजे स्टाइल्सही. 2014 संपताना स्पाइकने हात सोडला. मग डेस्टिनेशन अमेरिका, मग पॉप टीव्ही, प्रत्येक वाहिनी आधीच्यापेक्षा लहान. 2016मध्ये तर मालकी कुणाची यावरून प्रकरण कोर्टात गेलं. प्रेक्षकांच्या कौलाने षट्कोनी रिंग 2014मध्ये परत आली होती, हा त्या काळातला एकच आनंद. 2017च्या जानेवारीत टोरोंटोच्या अँथम कंपनीने ताबा घेतला आणि टीएनए हे नाव बाजूला ठेवून नुसतं इम्पॅक्ट ठेवलं.

त्याच वर्षी कंपनी पुन्हा भारतात आली. 30 आणि 31 मे 2017, मुंबई. नऊ-दहा दिवसांपूर्वीच, 21 मे रोजी, डब्ल्यूडब्ल्यूईत जिंदर महलने रँडी ऑर्टनला हरवून मुख्य पट्टा जिंकला होता, आणि तो पट्टा त्याला देण्यामागे भारताचा बाजार आहे हे सगळ्यांना दिसत होतं. जिंदर कॅनडात जन्मलेला, आणि भारतासाठी केलेली ती सगळी जुळवाजुळव दूर अमेरिकेत बसून झालेली. लहान कंपनी मात्र पुन्हा प्रत्यक्ष इथे होती. सोनी सिक्सवर तिचे भाग दिसत.

मुंबईतल्या त्या मुक्कामात संजय दत्तने लो की या मल्लाला हरवून एक्स डिव्हिजनचा पट्टा जिंकला. चौदा वर्षं तो या पट्ट्यामागे होता. किती वेळा संधी आली, किती वेळा हातातून गेली, आणि शेवटी मिळाला तो आईबापांच्या देशात, हिंदी बोलणाऱ्या लोकांसमोर. ठरवून दिलेला निकाल होता हे मान्य करूनही मला त्या क्षणाचं मोल कमी वाटत नाही. चौदा वर्षं ज्याने पाठ आपटून घेतली, त्यालाच तो दिला गेला होता.

बालेवाडीचा वीराही मुंबईत होता, आता महाबली शेरा या नावाने. 2014मध्ये टीएनएने त्याला अमेरिकेत नेलं होतं. आधी जेम्स स्टॉर्म या मल्लाच्या टोळीत खोया या नावाने, मग स्वतंत्र. 2018मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला आपल्या प्रशिक्षण केंद्रात घेतलं, तिथे तो फार टिकला नाही आणि 2019मध्ये इम्पॅक्टला परतला. मोठ्या घरी जाऊन येणं हे आता या कंपनीच्या माणसांचं नशीबच झालं होतं. स्टाइल्स 2016मध्ये तिकडे गेला आणि त्याच वर्षी मुख्य पट्टा जिंकला. समोआ जो गेला. अँगलही परतला. अनब्रेकेबलच्या रात्री ज्यांना बघायला एक साधा टीव्ही नव्हता, ती माणसं आता त्या धंद्याच्या शिखरावर होती. लहान कंपनीने घडवलेलं मोठ्या कंपनीने वापरलं, असं कुणी म्हणेल. मला मात्र त्यात टीएनएचा पुरावा दिसतो. ती योग्य माणसं निवडत होती.

अँथमने एक शहाणपण केलं. खर्च आटोक्यात आणला आणि 2019मध्ये एएक्सएस ही वाहिनीच विकत घेऊन आपल्या कार्यक्रमाला घर दिलं. कुणाच्या दारात उभं राहायची पाळी संपली. 2020च्या जानेवारीत टेसा ब्लँचर्ड ही बाई कंपनीचा मुख्य पट्टा, पुरुषांना हरवून, जिंकणारी पहिली ठरली. त्याच वर्षी देसी हिट स्क्वाड या टोळीतला रोहित राजू एक्स डिव्हिजनचा विजेता झाला. त्या टोळीचा म्होरक्या गामा सिंग हा जिंदर महलचा काका. दरम्यान 2019मध्ये एईडब्ल्यू ही नवी, श्रीमंत कंपनी आली आणि दुसऱ्या नंबरची जागा तिने घेतली. टीएनए तिसरी झाली. तरी तिने दार बंद केलं नाही. एईडब्ल्यूच्या केनी ओमेगाला 2021मध्ये आपला पट्टासुद्धा जिंकू दिला.

13 जानेवारी 2024 रोजी लास वेगासमध्ये टीएनए हे नाव परत आलं. आणि 2025च्या जानेवारीत ज्याची कल्पना 2002मध्ये कुणी केली नसती ते घडलं : डब्ल्यूडब्ल्यूईशी अनेक वर्षांचा जाहीर करार. दोन्हीकडचे मल्ल एकमेकांच्या कार्यक्रमांत जाऊ-येऊ लागले. ज्या कंपनीच्या संस्थापकाला मॅकमहन यांनी टीव्हीवर दार दाखवलं होतं, त्या कंपनीचं नाव आता डब्ल्यूडब्ल्यूईच्या पडद्यावर झळकू लागलं. यात धोका आहे, हे मी लपवत नाही. मोठ्याच्या शेजारी बसलेल्याला मोठ्यासारखं व्हावंसं वाटतं, आणि 2010चं वर्ष त्या हौसेची किंमत सांगायला पुरेसं आहे. शिवाय एकमेकांकडे जाणं-येणं वाढलं की तरुण मल्लाला लहान कंपनी ही फक्त पायरी वाटू लागते. पण प्रेक्षक वाढले, हॉल भरू लागले, आणि नवी पोरं पुन्हा मधोमध आली, हेही तितकंच खरं.

25 मे 2025 रोजी डब्ल्यूडब्ल्यूईच्या एनएक्सटी या शाखेतल्या ट्रिक विल्यम्सने टीएनएचा विजेता जो हेंड्री याला हरवून टीएनएचा मुख्य पट्टा नेला. साडेचार महिने तो पट्टा समोरच्या घरी होता. 12 ऑक्टोबर 2025 रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल शहरात, 'बाउंड फॉर ग्लोरी' या कार्यक्रमात, टीएनएच्या माइक सँटानाने विल्यम्सला हरवून तो परत आणला.